चौथ्या प्रकरणातला वजा

आमच्या युनिव्हर्सिटीत पीएचडीची तोंडी परीक्षा असली, की अभ्यासापेक्षा जास्त तयारी एक्सटर्नलची करावी लागते. एक्सटर्नल म्हणजे बाहेरगावाहून येणारे परीक्षक. त्यांना स्टेशनवरून आणायचं, सिव्हिल लाइन्समधल्या गेस्ट हाउसवर उतरवायचं, कांदा-लसूण खातात की नाही हे आडून आडून विचारायचं, शाल आणि नारळ आणून ठेवायचा, आणि सगळं आटोपलं की भेडाघाटला नेऊन नर्मदेत नावेत बसवायचं. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नाही. पण ज्याची परीक्षा त्यानेच हे करायचं, हे इथे इतकं पक्कं आहे की ऑफिसातल्या बाबूने मला तारीख सांगितली आणि त्याच दमात विचारलं, "मैडम, गाड़ी की बात हो गई?" माझं डोकंच फिरलं. पण हसून "जी, हो गई" म्हणाले, कारण फाईल त्याच्या टेबलावर होती.

मी तशी तापट बाई. कोणी "शांत राहा" म्हटलं की मला आणखी चढते. चाळिशी उलटलेली, विजय नगरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहते, एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांना तासावर शिकवते. तासावर म्हणजे दरवर्षी नवी नेमणूक आणि दर उन्हाळ्यात तीच धाकधूक, की यंदा बोलावतात की नाही. पीएचडी झाली की पक्क्या जागेसाठी अर्ज तरी करता येणार होता. आणि ती होत नव्हती. मुदत एकदा वाढवून झाली, दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा सरांनी कुलगुरूंच्या दारात बसून वाढवून आणली आणि ही शेवटची असं मला बजावण्यात आलं. सर म्हणजे माझे गाइड. तेही त्याच महिन्याअखेरी रिटायर होणार होते. एक्सटर्नलनी थीसिस दुरुस्तीला परत पाठवली असती, तर पुन्हा घेऊन जायला ना मुदत उरली होती ना गाइड. म्हणजे या खेपेला पास, नाहीतर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

विषय सांगते, नाहीतर पुढे मी कशाला एवढी घाबरले ते कळायचं नाही. शाळेत आपण शिकतो की वस्तुमानामुळे गुरुत्वाकर्षण होतं. सापेक्षतेचा सिद्धांत म्हणतो, एवढ्यावर भागत नाही. अवकाश आणि काळ कुठे किती वाकणार हे ठरवायचं, तर तिथे जे जे आहे त्या सगळ्याची हजेरी घ्यावी लागते. ऊर्जा किती आहे, ती कुठल्या बाजूला वाहते आहे, पदार्थ कुठल्या दिशेला किती दाबतो आहे, त्याचे थर एकमेकांना किती ओढताहेत. हे सगळं सोळा खणांच्या एका चौकोनी तक्त्यात मांडतात. पहिल्या खणात ऊर्जा, तिच्या शेजारच्या खणांत तिचा प्रवाह, तिरप्या ओळीत पुढे दाब, आणि उरलेल्या खणांत ती ओढाताण. याला म्हणतात स्ट्रेस-एनर्जी टेन्सर. नाव वजनदार, पण आहे तो तक्ताच.

माझं काम फार घट्ट ताऱ्यांवरचं. तिथे आतून बाहेर जाणारा दाब आणि आडवा दाब सारखे नसतात. आणि यातली एक गोष्ट मला पहिल्यांदा समजली तेव्हा अंगावर काटा आला होता. तारा आपल्याच वजनाने कोसळू नये म्हणून आतून दाब देत असतो. पण तक्त्यात दाबाचीही हजेरी लागते, म्हणून दाबाचंही वजन पडतं. सावरायला जितका जोर लावावा, तितका भारही वाढतो. एका मर्यादेपलीकडे कुठलाच दाब ताऱ्याला वाचवू शकत नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुझ्यावानीच आहे तो. टेंशन घेते अन् टेंशन घेतलं म्हणून आणखी टेंशन घेते." मला राग आला, पण खोटं नव्हतं ते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आई स्वैपाकघरात एक्सटर्नलसाठी सांबारवड्या तळत होती. आमच्यात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी बाहेरच्या खोलीत बांधलेली थीसिस मांडीवर घेऊन दुसऱ्या दिवशी दाखवायच्या स्लाइड्स पुन्हा तपासत होते. चौथं प्रकरण आलं. पहिलंच समीकरण, तोच तो तक्ता लिहायचं समीकरण. दाबाच्या आधी वजा.

मी लॅपटॉपमधली माझी फाईल उघडली. तिथे अधिक.

परत छापलेलं पाहिलं. वजा. चष्मा पुसून पाहिलं. वजाच. तिसऱ्या प्रकरणात पाहिलं, तिथे अधिक. मांडीवरची थीसिस घसरून खाली पडली आणि आई झारा घेऊन पळत आली. "काय झालं गं? काय पडलं?"

आता या वजाचं सांगायला हवं. चार मितींत अंतर मोजताना काळाचं चिन्ह आणि जागेचं चिन्ह उलट धरावं लागतं. काही लोक काळाला अधिक धरतात, काही वजा. दोन्ही चालतं. वरणात चिंच घाला नाहीतर आमसूल घाला, ज्याच्या घरची जी रीत. पण एकदा एक धरलं की शेवटपर्यंत तेच धरावं लागतं, कारण त्यावरच तक्त्यातल्या दाबाचं चिन्ह ठरतं. सरांच्या पिढीने काळाला अधिक धरलेला, त्यांच्याकडे दाबाआधी वजा येतो. मी नव्या पुस्तकांवर शिकलेली, मी काळाला वजा धरते, माझ्याकडे तिथे अधिक येतं. माझ्या थीसिसमध्ये पहिल्यापासून माझी रीत होती. आणि चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी हा सरांच्या रीतीचा वजा येऊन बसला होता. तो तसाच धरला तर माझा तारा बाहेर दाबायच्या ऐवजी आत ओढायला लागतो, आणि पुढची सगळी पानं बिनबुडाची दिसतात. परीक्षकाला एवढं पुरे होतं.

मी युनिव्हर्सिटीच्या गेटवरच्या बाइंडिंगवाल्याला फोन लावला. टायपिंग, छपाई सगळं त्याच्याकडेच. जितकं भांडता येईल तितकं भांडायचं ठरवूनच लावला होता. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मैडम, सर आए थे ना आखिरी दिन। साथ बैठ के ठीक करवाया उन्होंने। बोले, मैडम को मत बताना, परेशान होंगी।"

आठवलं मग. थीसिस जमा करायच्या शेवटच्या दिवशी मी लायब्ररी, हॉस्टेल, अकाउंट, सगळीकडे 'काही बाकी नाही' अशा सह्या गोळा करत उन्हात फिरत होते. सर म्हणाले होते, "पोरी, तू सह्या घे, छपाईचं मी पाहतो." माझ्या फायद्यासाठी तो माणूस त्या खुराड्यासारख्या दुकानात जाऊन बसला होता. आता भांडू कोणाशी? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"जा, त्यांनाच जाऊन सांग," आई म्हणाली. "काहून बसून राहिली? आत्ता सांगितलं तर काही होईल."

स्कूटी काढली आणि सरळ सिव्हिल लाइन्स गाठलं. सर तिथल्या एका जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. पत्नी गेल्यापासून एकटेच. मुलगा दूर, महिन्यातून एक फोन. वाटेत मी वाक्य घोकत होते. सर, तुमच्या हातून एक चिन्ह बदललं गेलंय. नाही, 'तुमच्या हातून' नको. सर, एक चिन्ह बदललं गेलंय. हं, असं. सिग्नलला मागचा माणूस हॉर्न वाजवून राहिला होता आणि मी हिरव्यावर उभी राहून कर्मणी प्रयोग जुळवत होते.

सरांनी दार उघडलं ते नव्या सफारी सूटमध्ये. शिवून आला होता, घालून पाहत होते. "कसा दिसतो?" म्हणाले. "उद्यासाठी शिवला. शेवटचा व्हायवा माझा. तुझ्यानंतर कोणी नाही." आणि मला बसवून स्वतः चहा ठेवायला गेले. बाह्या हातावर येत होत्या, लांब झाल्या होत्या जरा.

चहा आणला तेव्हा मी धीर करून म्हटलं, "सर, ते चौथ्या प्रकरणात..."

"पाहिलं वाटतं तू!" त्यांचा चेहरा असा उजळला. "मी म्हटलं होतं त्याला, सांगू नको म्हणून. अगं, तुझा अधिक राहून गेला होता तिथे. एक्सटर्नलनं पकडला असता ना, तर नाक कापलं गेलं असतं दोघांचं. वेळेवर दिसला. होते, होते. थकल्यावर नजर चुकते माणसाची."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं झालं सर."

चहा संपवला. नमस्कार केला. बाहेर येऊन स्कूटीला अशी किक मारली की अंगठा दुखावला. स्कूटीचा काय दोष? पण रागाला कुठेतरी जागा लागते. इतकी मोठी बाई, वर्गात साठ पोरांना दटावणारी, आणि एका म्हाताऱ्या माणसासमोर तोंडातून शब्द फुटला नाही. पण त्यांचा तो चेहरा पाहिला असता तर तुमच्याही नसता फुटला.

"नाही सांगितलं?" आईने दारातच ओळखलं. मग वड्या डब्यात भरता भरता तिने तोडगा काढला. "मग टायपिंगवाल्यावर ढकलून दे. तुझे बाबा सांगत ना, तोफगाड्यांच्या फॅक्टरीत काहीही बिघडलं की दिवसाची पाळी रात्रपाळीवर ढकलत होती अन् रात्रपाळी दिवसावर. कोणाचं काही वाकडं झालं नाही."

"आई, ते तोफांच्या चाकांचं होतं. हे वेगळं आहे."

"वेगळं काय त्यात? चूक ती चूक."

खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला पटत होतं. व्हायवात 'टायपिंग मिस्टेक' हे सर्वांत जुनं औषध आहे. आणि ते जवळजवळ खरंही होतं, कारण पुढचे आलेख मी बरोबर चिन्हानेच काढलेले होते, बिघडलं होतं ते एकच समीकरण. झोप अशी लागलीच नाही. डोळा लागला की तक्त्याचे खण दिसत आणि प्रत्येक खणात वजा.

सकाळी स्टेशनवर एक्सटर्नल उतरले. दक्षिणेकडचे, बारीक अंगाचे, हातात एक छोटी बॅग आणि काखेत माझी थीसिस. हिंदी तुटक, पण बोलत. गेस्ट हाउस अगदी जवळ, पण ते म्हणाले, आधी नर्मदा दाखवा, अंघोळ नंतर. नाही कसं म्हणणार! ड्रायव्हरला तिलवाऱ्याला घ्यायला सांगितलं. मी पुढे बसले, ते मागे. आरशात मला ते दिसत होते. त्यांनी थीसिस उघडली. तिच्यात एकच कागदाची चिठ्ठी खूण म्हणून घातलेली होती, आणि ती कुठे आहे हे मला पानांच्या जाडीवरूनच कळलं. अर्ध्याच्या जरा पुढे. चौथं प्रकरण.

ड्रायव्हर भैया इमानदारीने रस्त्याची माहिती सांगत होता, हा रस्ता सीधा नागपूर जातो वगैरे. मी "हो हो" करत होते. तिलवाऱ्याच्या पुलाजवळ गाडी थांबवली. एक्सटर्नल उतरले, कठड्याशी उभे राहिले, नदीला हात जोडले. मीही जोडले. मी काय मागितलं ते सांगायला नको. मग पाण्याकडे बघत बघतच त्यांनी विचारलं, "ये चौथा चैप्टर, आपने खुद लिखा है?"

"जी."

"अच्छा," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

अहो, एवढंच! 'अच्छा'चा अर्थ काय लावायचा माणसाने? इथे 'अच्छा' म्हणजे हो, 'अच्छा' म्हणजे असं का, 'अच्छा' म्हणजे बघतो तुला. परतीच्या सबंध रस्त्यात ते डोळे मिटून बसले होते आणि मी जितकी शांत व्हायला बघत होते तितकं काळीज जोरात उडत होतं. देवा, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, असं मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल.

दुपारी विभागाच्या हॉलमध्ये सगळे जमले. व्हायवा खुला असतो, कोणीही येऊन बसावं. आई शेवटच्या रांगेत वड्यांचा डबा मांडीवर धरून बसली होती. सर पुढच्या रांगेत, नव्या सफारीत, बाह्या आत दुमडून. त्यांनी माझी ओळख करून दिली. फार चांगलं बोलले. मेहनती, प्रामाणिक, जरा रागीट, असं म्हणाले आणि सगळे हसले. मी मान खाली घातली.

मी बोलले कशी, मला आठवत नाही. तक्ता दाखवला, तारा दाखवला, दोन दाब दाखवले. चौथ्या प्रकरणाच्या स्लाइडवर मी माझं अधिकवालं समीकरण ठेवलं होतं आणि तिथून शक्य तितक्या लवकर पुढे सरकले. संपलं. दोन-तीन सोपे प्रश्न झाले. मग एक्सटर्नलनी चिठ्ठीचं पान उघडलं. ते हिंदी-इंग्रजीत बोलत होते, मी मराठीत सांगते.

"स्लाइडवर अधिक आहे. थीसिसमध्ये वजा आहे. वजा का?"

"टायपिंग मिस्टेक आहे, सर." ठरवलेलं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

त्यांनी मान डोलावली, पेन उघडलं, पानाच्या कडेला काहीतरी लिहायला घेतलं. संपलं होतं हो. तिथेच संपलं होतं. मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात सर उठून उभे राहिले.

"माफ करा," ते म्हणाले. "टायपिंगची चूक नाही ती. मी स्वतः बसून करवून घेतलं ते. आधी तिथे अधिक होतं, ते चूक होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकूण एक थीसिसमध्ये तिथे वजाच आहे." आणि माझ्याकडे वळून हसले. भिऊ नको, मी आहे, असं हसले.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एक्सटर्नलनी पेन मिटलं. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "आता दोन उत्तरं झाली," ते म्हणाले. "थीसिस तुमची आहे, मॅडम. फळ्यावर दाखवा."

फळा आणि मी यांच्यात फार तर पाचसहा पावलं होती. मी खडू उचलला तो मोडला. दुसरा घेतला. मागे कोणीतरी खोकलं. सर बसले होते, हाताची घडी घालून, निर्धास्त. 'सर म्हणतात ते बरोबर' असं म्हटलं असतं तर थीसिस गेली असती, कारण बाकीची सगळी पानं माझ्या रीतीने होती. आणि नाही म्हटलं तर? शिष्याने गाइडला भर सभेत, त्याच्या शेवटच्या व्हायवात, चूक म्हणायचं. आमच्या विभागात असं कोणी केलेलं मी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि लिहायला लागले. तोंड दिसत नसलं की बरं पडतं. "मी दुसऱ्या प्रकरणात काळाला वजा धरला आहे," मी म्हटलं. "तारा स्थिर आहे असं मानू. मग तक्त्याच्या पहिल्या खणात नुसती ऊर्जा यायला हवी, दुसरं काही नाही. आता छापलेला वजा घालून पाहते." घातला. एकेक पायरी लिहिली. पहिल्या खणात ऊर्जा आली आणि तिच्या मागोमाग दाब आला, तोही दुप्पट. "हे असं होऊ शकत नाही," मी म्हटलं. मग अधिक घालून पुन्हा केलं. दाब दाबाशी कटला. पहिल्या खणात ऊर्जा एकटी उरली.

"म्हणजे छापलेलं?" एक्सटर्नलनी विचारलं.

"चूक आहे."

"आणि तुमचे सर म्हणतात ते?"

मी वळले. वळावंच लागलं. "सरांच्या रीतीत वजाच बरोबर आहे," मी म्हटलं. "माझ्या रीतीत नाही. आणि इथे रीत माझी आहे."

सरांनी चष्मा नाकावर चढवला होता. ते फळ्याकडे बघत होते, ओठ हलत होते, गुडघ्यावर एक बोट काहीतरी मांडत होतं. मी जे जे एकापाठोपाठ एक लिहिलं ते ते मनात पुन्हा करून पाहत होते. मग बोट थांबलं. त्यांना कळलं, आणि त्यांना कळलेलं मला दिसलं. ते मी पाहायला नको होतं.

"हो," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे. तिचंच बरोबर आहे."

एक्सटर्नल म्हणाले, "आलेख मी घरी स्वतः काढून पाहिले. ते अधिकनेच जुळले. म्हणूनच विचारलं. एक दुरुस्तीचं पान चिकटवा, माझी शिफारस आहे." आणि उठून माझं अभिनंदन केलं. टाळ्या पडल्या. घोडं गंगेत न्हालं. आई डबा खुर्चीवर ठेवून रडत होती, शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "मेरी बेटी है." मीही हसत होते, हात जोडत होते. सरांनी कागदांवर सह्या केल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. जेवायला थांबले नाहीत. "बरं वाटत नाही जरा," म्हणाले, आणि रिक्षा करून गेले.

रीत ती रीत, मी एक्सटर्नलना भेडाघाटला नेलं. दोन्ही बाजूंना संगमरवराच्या उभ्या भिंती, मध्ये हिरवं पाणी, आणि नाववाला यमक जुळवून जुळवून एकेका खडकाची गंमत सांगत होता. एक्सटर्नल पोरासारखे हसत होते. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. डॉक्टर झाले होते मी, इतकी वर्षं ज्यासाठी काढली ते झालं होतं, आणि मला रडू येत होतं, रागही येत होता. सरांचा राग. कशाला उठलात? गप्प बसला असता तर तुम्हीही सुटला असता आणि मीही.

एक्सटर्नलना स्टेशनवर गाडीत बसवून दिलं आणि तशीच, दिवेलागणीला, जेवणाचा डबा घेऊन सरांकडे गेले. दार नुसतं लोटलेलं. सफारी खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. सर बनियनवर खाली सतरंजीवर बसले होते आणि त्यांच्या भोवती थीसिस पसरलेल्या, काळ्या, निळ्या, मरून पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या. कपाट रिकामं. त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या होत्या त्या.

"ये," ते म्हणाले. वर पाहिलं नाही. "जुन्या पोरांचं ठीक आहे, ते माझ्याच रीतीनं चालले. पण मागाहून आलेल्यांपैकी काहींनी तुझ्यासारखी नवी रीत धरली होती. त्यांचे पण मी वजा केले असतील ना? दोघांच्यात सापडला आत्तापर्यंत."

"सर, जाऊ द्या आता. आधी जेवून घ्या."

"एकाला फोन केला मी." आता त्यांनी चष्मा काढला. "मोठ्या कॉलेजात विभागप्रमुख आहे तो. म्हटलं, बाबा रे, माझ्यामुळे तुझ्या थीसिसमध्ये चूक राहून गेली, माफ कर. तो हसला. म्हणाला, सर, आप टेंशन मत लीजिए, आज तक किसी ने खोली ही नहीं."

मी डबा सतरंजीच्या कडेला ठेवला.

"त्याच्या परीक्षकानं पण नाही," सर म्हणाले. "तिथंच तर होता वजा, समोर. सही करून गेला." त्यांनी हातातली थीसिस मिटली, तिच्या पुठ्ठ्यावरची धूळ तळव्याने पुसली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तुझी वाचली गं कोणीतरी."